म्हातारीच्या चार नळ्या

"तुला हे पटायचं नाही," मी म्हणालो. "आजवर कुणाला पटलेलं नाही. पण दवाखान्याच्या मोडक्या कॉटांच्या जोरावर आमची म्हातारी वाघजाईची खिंड अशी चढली, की तिचा धूर आमच्या मागनं दुसऱ्या दिवशी वर पोचला."

धैर्यशील हसला नाही. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून तो बाकावर बसला होता, पुढं वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून. माझा धाकटा भाऊ सर्जेराव अगदी असाच बसायचा.

"म्हातारी म्हणजे?"

"पिकअप. ती काय, मागं उभी."

त्यानं मान वळवून पाहिलं. माझ्या चहाच्या टपरीमागं जांभळीखाली ती कैक वर्षं उभी आहे. चाकं गेली, काचा गेल्या, केबिनमध्ये माझ्या बायकोच्या, हौसाच्या, कोंबड्या बसतात. फक्त मागच्या हौद्यात, केबिनला लागून, एक लोखंडी नळा सरळ वर आभाळाकडं गेलेला आहे आणि त्याच्या तोंडावर पितळी तांब्या उपडा बसवलेला आहे. पितळ आता हिरवं पडलंय. कावळे शिटतात त्याच्यावर.

धैर्यशील म्हणजे सर्जाचा मुलगा. मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. सर्जानं खोरं सोडलं तेव्हा याचा जन्मसुद्धा नव्हता. सर्जा भोसरीला गेला, तिथंच लग्न, तिथंच संसार, आणि तिथंच त्या उन्हाळ्यात तो वारला. आम्हाला निरोप पोचला तोवर सगळं उरकलं होतं. मग एक दिवस दुपारच्या एसटीनं हा पोरगा खिंडीत उतरला. हौसाच्या पाया पडला, माझ्या पडला, आणि बसल्याबसल्या एकच विचारलं.

"आबा, बाबा घर सोडून का आले? ते कधी बोलले नाहीत. आईलाही नाही."

आता सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची माझी रीत नाही. खिंडीत थांबणारी निम्मी माणसं चहासाठी थांबतात आणि निम्मी माझ्या गोष्टींसाठी. हौसाचं म्हणणं, पैसे चहाचेच येतात. ती तेव्हा चुलीपुढं बसून जाळ फुंकत होती. तिची फुंकणी चांगली जाडजूड, हातभर लांब. गिऱ्हाईकं नेहमी म्हणायची, मावशी, ही फुंकणी हाय का तोफ. ती फुंकत राहायची.

"सांगतो," मी म्हणालो. "पण नीट बस. त्या दाराला टेकू नको, निखळेल."

त्यानं टपरीच्या पत्र्याच्या दाराकडं पाहिलं. वरची बिजागरी तुटलेली, दार चौकटीला सुतळीनं बांधलेलं.

"जोडून घ्या की."

"वेल्डिंगवाला तालुक्याला. येतो येतो म्हणतो, येत नाही. ते सोड. ऐक."

मी सांगू लागलो.

त्या काळी आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या वाड्यांचं दूध आम्ही दोघं भाऊ वाहायचो. पहाटे वाड्यावाड्यांवर कॅन गोळा करायचे, खिंड चढायची आणि पलीकडं डेअरीच्या केंद्रावर दूध तापायच्या आत पोचवायचं. दुधाचा रूट आमच्याकडं होता, म्हणून घरात दोन वेळची चूल पेटत होती. आणि सर्जाचं लग्न ठरत आलं होतं तेही त्या रूटवरच. पोरगी पलीकडच्या खोऱ्यातली. तिच्या बापानं विचारलं, मुलगा करतो काय. मी सांगितलं, डेअरीचा रूट आहे. बाप म्हणाला, मग काही विचारायचं नाही.

"ती म्हणजे आई नव्हे," धैर्यशील म्हणाला.

"नव्हे. ऐक तर."

रूट होता, पण गाडी म्हातारी होती. सरकारी लिलावातनं घेतलेली. सपाटीला नवरीसारखी चालायची आणि खिंड लागली की खोकायला लागायची. अर्ध्या चढात काळा धूर टाकून अशी दमायची, की आम्ही उतरून ढकलायचो. बायाबापड्या डोक्यावर मोळ्या घेऊन आमच्या पुढं जायच्या आणि वळून विचारायच्या, दूध पायी नेऊ का. एकदा तर एक गोगलगाय आम्हाला ओव्हरटेक करून गेली. जाताना तिनं हात दाखवला.

"गोगलगायीला हात नसतो, आबा."

"शिंग दाखवलं. तेच ते."

पोरगा तोंडातल्या तोंडात हसला. मला बरं वाटलं. माणूस हसला की गोष्ट पुढं सरकते.

तर उशीर व्हायला लागला. डेअरीवर चौगुले म्हणून तपासनीस होता, दूध घ्यायचं का परत पाठवायचं ते तो ठरवायचा. एक दिवस त्यानं मला कडेला घेतलं. म्हणाला, "खाशाबा, आता एकदा जरी उशीर झाला तर रूट तुमच्याकडं राहत नाही. सभापतीच्या मेव्हण्यानं नवी गाडी घेतलीय. रोज येऊन बसतोय."

आम्ही गाडी घेऊन हमीद मिस्त्रीकडं गेलो. तालुक्यात त्याच्यासारखा कान कुणाला नव्हता. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, डोळे मिटून ऐकलं.

"इंजिन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तिला श्वास सोडता येईना. हा बिडाचा मॅनिफोल्ड बघा, धुराची वाट. चारी सिलिंडरांचा धूर एकाच बोळकांडीत कोंबलाय, एकाचा दुसऱ्याला धक्का. त्यात बीड तडकलंय. चौघांना चार वाटा करून द्या, सारख्या लांबीच्या, आणि पुढं एकत्र सोडा. हेडर म्हणतात त्याला. शर्यतीच्या गाड्यांना असतो."

"मिळतो कुठं?"

"मुंबईत. पण खाशाबाभाऊ, तेवढ्यात एक म्हैस येईल. गाभण."

मी म्हणालो, "मग राहू दे मुंबई. आम्ही घरी करू."

"तुम्ही म्हणालात?" धैर्यशीलनं विचारलं.

"मग कोण? तुझा बाप मागं उभा होता. तोंडात बोट घालून."

दवाखान्यानं मोडक्या कॉटा भंगारात काढल्या होत्या. लोखंडी, पांढरा रंग उडालेल्या. भंगारवाल्याला मी महिनाभर दूध फुकट घालायचं कबूल केलं आणि कॉटांचे पाईप घेऊन आलो. लक्षात घे, निम्मं खोरं त्या कॉटांवर जन्मलं होतं. म्हणून तर पुढं गाडी पहिल्यांदा चालू केली, तेव्हा सायलेन्सरमधनं बाळ रडल्यासारखा आवाज आला. शेजारची म्हातारी घुटी उगाळून घेऊन आली.

आता पाईप वाकवायचा म्हणजे चेष्टा नाही. नुसता तापवून वाकवला तर तो मधेच चेपतो, मग श्वास पुन्हा कोंडला. म्हणून त्यात वाळू ठासायची. ओढ्याची बारीक वाळू, पण कोरडी ठणठणीत. जरा जरी ओल राहिली तर वाफ धरते आणि पाईप बंदुकीसारखा फुटतो. दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या, भट्टीत लाल करायचा, आणि मग हळूहळू वळवायचा. मी एकेक पाईप असा वळवला, जशी बाई चकली पाडते.

"आणि चारही सारख्या लांबीचे कसे केले?"

प्रश्न बरोबर होता. मी चहाचा घोट घेतला.

"सुतळीनं. इंजिनच्या एकेका भोकापासनं सुतळी न्यायची, जशी वळणं तशी. मग चारही सुतळ्या सरळ करून शेजारीशेजारी धरायच्या."

"बाबा असंच मोजायचे. वाकडं काही मोजायचं असलं की सुतळी. टेप असली तरी."

"इथं बघितलं असेल."

हौसानं लाकूड चुलीत सरकवलं. ओलं होतं, धूर करत होतं. ती पुन्हा फुंकायला लागली.

"आणि वेल्डिंग?"

"वेल्डिंग मी असं मारलं, की सांध्यावरनं बोट फिरवलं तरी कळू नये, कुठं एक पाईप संपला आणि दुसरा सुरू झाला. हमीद मिस्त्री बघायला आला आणि त्यानं त्या सांध्याला सलाम केला."

"तुम्हाला वेल्डिंग येतं, आबा?"

"मला काय येत नाही ते विचार."

"नाही, बाबा वेल्डर होते म्हणून म्हटलं. भोसरीत पहिल्या दिवशी शेडमध्ये गेले तेव्हाच त्यांना वेल्डरच्या जागी घेतलं. मालक सांगायचा, हा माणूस शिकून आला होता."

"असेल. माझं बघून शिकला असेल. तालुक्याच्या वर्कशॉपमध्येही होता वर्षभर, झाडलोटीला." मी घाई केली. "तो पाईप धरायला होता ना. त्याच्या हातावरचा डाग बघितला असशील."

"हो. डाव्या हाताला, कोपरापर्यंत. विचारलं की म्हणायचे, घरच्या कामात भाजलं."

"तेच. पाईप धरताना."

चुलीपाशी फुंकणी क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली.

मग म्हातारी निघाली. खोऱ्यातले सगळे कॅन भरून, गच्च. मी स्टिअरिंगवर, सर्जा शेजारी. खिंडीचं पहिलं वळण आलं आणि मी सवयीनं मोळीवाल्या बायांना हाक मारणार, तर त्या मागं पडलेल्या. दुसरं वळण. गाडीनं दम टाकला नाही. आवाज असा, जसा वाघ पोट भरून गुरगुरतो. पुढं एसटी होती. ड्रायव्हरनं आरशात बघितलं, गाडी कडेला घेतली आणि टोपी काढून बसला. वर वाघजाईच्या देवळापाशी आम्ही जाता जाता नारळ फेकला, तर देवीनं अर्धं खोबरं हातात परत दिलं, कारण तिला एवढ्या लवकर कुणाची सवयच नव्हती. डेअरीवर पोचलो तर फाटक बंद. चौगुले अजून अंघोळीला गेलेला.

पोरगा हसला. मोकळा हसला. सर्जा असाच हसायचा, खांदे हलवून. गोष्ट रंगात आली होती.

"आठवडाभर असं चाललं. सभापतीच्या मेव्हण्यानं डेअरीवर यायचं सोडलं. मुलीच्या बापानं सुपारी फोडायचा निरोप धाडला. हौसानं पुरणपोळी केली. सर्जा संध्याकाळी गाडी धुवायचा. रोज. ओढ्यावर नेऊन, म्हैस धुतल्यासारखी."

"मग बिघडलं कुठं?"

"बिघडलं त्या पाईपात." मी मागं बोट दाखवलं. "तो उभा दिसतोय ना?"

धैर्यशील उठला आणि टपरीच्या कडेला जाऊन पाहायला लागला. आभाळाकडं गेलेला नळा, उपडा तांब्या, त्यावर एक कावळा.

"हा मागं का नाही नेला? धूर मागनं सोडतात ना, गाडीखालून?"

"तेच तर. वाघजाईची जत्रा आली. सगळं खोरं खिंडीत जमणार. आणि सर्जाच्या डोक्यात आलं, की आपल्या गाडीचा धूर असा वर, ट्रॅक्टरसारखा निघाला पाहिजे. लांबनं लोकांना कळलं पाहिजे, की आली. वर पितळी तांब्या बसवायचा, म्हणजे कळसासारखा चमकेल. तरणं रक्त. सुपारी फुटायची होती, सासरची माणसं जत्रेत येणार होती. मिरवायचं होतं त्याला."

"बाबांना?" धैर्यशील वळला. "बाबा तर स्वतःच्या लग्नात कोपऱ्यात उभे होते म्हणे. फोटोतसुद्धा अर्धेच दिसतात."

"तरुणपणी माणूस वेगळा असतो."

तो येऊन पुन्हा बाकावर बसला. हसणं गेलं होतं. मी पुढं सरकलो.

जत्रेचा दिवस. दूध रोजच्यापेक्षा जास्त, हौद्यात मुंगीला जागा नाही. कॅन पाईपाला चिकटून उभे केले, दोरीनं त्यालाच आवळून बांधले. पाईप लालबुंद तापतो याचा विचार कुणी केला नाही. खिंडीत लोकांनी गाडी अडवली, गुलाल टाकला, तांब्याला हार घातला. इंजिन तसंच चालू. सगळ्यांना त्या तांब्यातनं निघणारा धूर बघायचा होता. देवळापुढं दोन फेऱ्या घातल्या. मुलीचा बाप गर्दीत होता, मान डोलवत होता.

डेअरीवर पोचलो. चौगुलेनं पाईपाजवळच्या कॅनचं झाकण उघडलं, तर आत बासुंदी. वर बोटभर साय, रंग बदामी. फक्त वेलदोडा घालायचा राहिला होता. चौगुलेनं वाटी मागवली, मग दुसरी मागवली, मग डेअरीच्या सगळ्या माणसांना हाक मारली...

मी थांबलो. धैर्यशील हसेल म्हणून थांबलो होतो. इथं सगळे हसतात.

"दूध नासलं ना, आबा?"

"नासलं," मी म्हणालो.

एक कॅन नासका निघाला की अख्खी गाडी परत, असा डेअरीचा नियम. चौगुले म्हणाला, माझा इलाज नाही. सगळं खोऱ्याचं दूध आम्ही तसंच माघारी आणलं. उन्हं चढली होती, येता येता उरलेलंही फाटलं. वाड्यांवरची माणसं आमच्या घरी आली आणि आपापला कॅन उचलून आमच्याच अंगणात ओतला. एकामागं एक. तुळशीपासनं गोठ्यापर्यंत पांढरा चिखल झाला. तो आंबूस वास पावसाळा होईपर्यंत गेला नाही. आणि रूट त्याच दिवशी गेला.

"आणि ते लग्न?"

"कुठलं लग्न. बाप जत्रेतनं परस्पर घरी गेला."

"आणि बाबा?"

"माणसं विचारायला लागली, हे डोकं कुणाचं, पाईप वर काढला कुणी. सर्जा पुढं झाला. म्हणाला, माझी चूक. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, असू दे सर्जा, माणसाकडनं होतं. पण मानी होता तुझा बाप. कपडे पिशवीत भरले आणि खिंडीच्या वाटेला लागला. मी मागं धावलो. वळून बघितलं नाही त्यानं. हे असं झालं, पोरा. त्याच्या चांगल्यासाठीच सांगत होतो. गळा फोडून सांगत होतो, सर्जा, पाईप खालनंच राहू दे. पण ऐकेल तर शपथ. मी एवढं जीव तोडून चार नळ्या जोडल्या आणि त्यानं एका हौसेपायी..."

"खोटं."

हौसा म्हणाली. मोठ्यानं नाही. ही गोष्ट ती चुलीपाशी बसून शेकडो वेळा ऐकत आली होती आणि तिनं कधी माझ्याकडं मान वर करूनही बघितलं नव्हतं.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. हातात फुंकणी होती. चुलीच्या दगडावर ती आपटून तिनं राख झाडली.

"वाळू मी भाजली," ती धैर्यशीलला म्हणाली. "काहिलीत, शेंगा भाजत्यात तशी. पाईप वाकवलं तुझ्या बापानं, जोडलं तुझ्या बापानं. हात त्याचा भाजला तवा ह्ये रस्त्यावर माणसास्नी गोष्ट सांगत हुते. ह्यास्नी जोडता आलं असतं तर त्ये दार वरीसभर सुतळीनं बांधून ठेवलं असतं व्हय?"

"हौसा," मी म्हणालो, "पोरगा लांबनं आलाय."

"म्हनूनच." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. फुंकणी तिनं बाकावर, पोराच्या शेजारी ठेवली. "हात लाव. कॉटचाच पाईप हाय. भावजींनी ह्यो गाडीच्या पोटाखालनं मागं न्हेला हुता. सरळ, कुनाला न दिसंल असा. आठवडाभर गाडी पळली ती ह्याच्यावर. मग ह्यास्नी जत्रंत मिरवायचं हुतं. हेक्सॉ घिऊन ह्यांनी ह्यो कापला, आन् वरचा जोडायला तुझ्या बापालाच बसिवला. थोरल्या भावाचा शब्द, त्यो काय मोडतोय."

धैर्यशीलनं फुंकणी उचलली. तिच्या एका टोकाला करवतीचे दात उमटलेले होते, वाकडे, जागोजाग थांबून थांबून कापल्यासारखे. तो त्यांच्यावरनं अंगठा फिरवत राहिला.

"माणसं अंगणात दूध ओतत हुती," हौसा म्हणाली. "पाईप वर कुणी काढला म्हनून इच्यारलं, तवा ह्यांनी बोट क्येलं. हिकडं, भावजींकडं. भावजींनी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी दारात हुभी हुते, ह्यो कापल्याला तुकडा हातात घिऊन. दाखवायला म्हनूनच उचलून आनला हुता. न्हाई दाखवला. तवा तोंड उघडलं न्हाई, आन् तवापास्नं नुसती फुंकतीया."